रानकरांचा तांब्या

आमच्या हेडमास्तरांनी एक देश बनवला होता. खरा नव्हे हो, नाटकातला. शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यांनी स्वतः लिहिलेला. त्या देशात चार तऱ्हेचे लोक: मीठ पिकवणारे खारकर, वर राहणारे डोंगरकर, गलबतांतून आलेले तारवकर आणि जंगलातले रानकर. चौघांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, आणि शेवटी म्हणे सगळे एक! शेवटच्या प्रवेशात प्रत्येकाने आपल्या विहिरीचं पाणी राणीच्या कलशात ओतायचं आणि ते तीर्थ सगळ्यांनी प्यायचं. साठ साल नुकतंच उलटलं होतं, एकतेच्या भाषणांचा नुसता सुकाळ. कट्टा गावच्या बाजारात भेटेल त्याला हेडमास्तर ही गोष्ट ऐकवत सुटायचे.

पण सोंगं कशी वाटून दिली बघा. खोताची नात राणी. किरिस्तांवांची मुलगी तारवकरीण, कारण तिच्याकडे फ्रॉक होता. मी खारकरीण, माझ्या बाकावरची एक मुलगी डोंगरकरीण. आणि ओहोळापलीकडच्या वस्तीतली माझी मैत्रीण रानकरीण. हे काही कुणी ठरवावं लागलं नाही, आपोआप ठरलं. मला तेव्हाही त्याची किळस आली होती.

ती मात्र हरखून गेली होती. गावच्या विहिरीला तिच्या लोकांनी हात लावायचा नाही आणि इथे तिच्या विहिरीचं पाणी खोताची नात पिणार! "आये येतली बघूक," रोज म्हणायची. तालमीला सगळ्यांचेच तांबे रिकामे असत, त्यामुळे कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. म्हणजे आमच्या डोक्यात. मोठ्यांच्या डोक्यात दुसरं असतंच काय? त्या किरिस्तांव मुलीच्या आईने आधीच विचारून ठेवलं होतं, "त्या चेडवाचां पाणी कोण पितलो?" आणि दर आयतवारी चर्चमध्ये ह्याच बाई सगळी एका देवाची लेकरं म्हणून गुडघे टेकायच्या. आमच्या घरचे तर काय, त्यांच्याही वर.

गॅदरिंगच्या दिवशी मैत्रिणीने तांब्या आणला तो चिंच आणि राखेने घासून लखलखीत केलेला. तिच्या आईने पहाटे उठून घासला होता आणि आपल्या विहिरीचं पाणी भरून वर स्वच्छ फडकं बांधलं होतं. आई स्वतः मांडवाबाहेर, दोरीपलीकडे आपल्या लोकांत उभी होती.

नाटक सुरू व्हायच्या आधी हेडमास्तर पडद्यामागे आले. फडकं सोडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी माडाच्या आळ्यात ओतून टाकलं. आमचे तिघींचे तांबे भरलेलेच राहिले.

"सर, आणि तिचं पाणी?" मी विचारलं.

एरवी छापील मराठी बोलणारा माणूस, पण असल्या कामाला त्यांना मालवणीच लागायची. "गप रव गो! लोकांका काय दिसता थंयसून? नाटकच आसा मा? नुसतो ओतल्यासारखो कर." हे शेवटचं तिला. वर तिच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखा केला, पण टेकवला नाही. शी!

रिकाम्या तांब्यावर तिने फडकं परत बांधलं.

शेवटचा प्रवेश आला. डोंगरकरणीने पाणी ओतलं, तारवकरणीने ओतलं, मी ओतलं. मग ती पुढे आली. फडकं सोडलं. कलशाकडे गेलीच नाही, थेट पुढच्या रांगेसमोर उभी राहिली, हात उंच केला आणि तांब्या उपडा धरला. थेंब पडला नाही. हेडमास्तरांनीच लिहून दिलेलं वाक्य मग तिने खणखणीत आवाजात म्हटलं, "हे माझ्या लोकांचं पाणी. आता आपला देश पुरा झाला."

मला वाटलं, आता तरी कुणाची मान खाली जाईल. पुढच्या रांगेत खोत बसले होते. त्यांनी केवढा तरी सुस्कारा सोडला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "देव पावलो! रिकामोच होतो." आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

दोरीपलीकडून तिची आई ओरडली, "चल गो बाय, तांब्यो घेवन ये." ती उतरून गेली. तिच्याविनाच राणी तीर्थ वाटायला निघाली. माझ्या हातावर घातलं तेव्हा मी ते तोंडात घेतलं आणि पुढच्या रांगेच्या दिशेने थुंकले.