वळणावरच्या म्हशी

पेट्रोलचा वास आला की मला ओसरीवरची ती संध्याकाळ आठवते. धान कापून झालं होतं, अंगणात तणसाचा ढीग पडला होता. नातू आणि त्याचे दोन मित्र मोबाईलवर मोटारींची शर्यत बघून भांडत होते. सीझन संपला, आता कोणता ड्रायव्हर कोणती टीम सोडणार, यावरून. मी कोंबड्या झाकत होते, पण कान तिकडेच होते, कारण नातवाच्या शर्टाला पेट्रोलचा वास मारत होता. "ट्रॅकच खराब हाये," एक म्हणाला. दुसरा बोलून गेला, "वळणावर म्हशी बसून राहतेत, तिथंच घसरते गाडी." मी म्हटलं, "काऊन रे, परदेशात ट्रॅकवर म्हशी बसतेत?" तिघांनीही मोबाईलात मुंडी घातली. म्हशी बसतात आमच्या तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या अरुंद वळणावर, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दगड. "आजी, आम्ही तं नुसतं बघून राहिलो," नातू म्हणाला. मी त्याच्या मोटारसायकलच्या इंजिनाला हात लावला. बोट भाजलं; नुसतं बघणाऱ्याची गाडी एवढी तापत नाही. किल्ली काढून मी कमरेला खोचली. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पण जेवायला रोज बसायचा. आता शर्यत सोडली म्हणतो. मी अजून त्याच्या शर्टाचा वास घेते.