तिले नको, माले इचारा

काकूचा फोन आला तेव्हा मी शिकवते त्या नंदुरबारच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडत होते. "जेवनी का?" तिनं विचारलं. इंजेक्शन घेतलंय, आता बसतेच आहे, म्हटलं. मग जेव, दहा मिनिटांनी करते, म्हणून तिनं फोन ठेवला. दहा मिनिटांनी सांगितलं, धनराजकाका तासाभरापूर्वी अंगणात बसल्या बसल्या गेले... मला उपाशीपोटी वाईट बातमी सांगायची नाही, हा आमच्या घरात काकांचाच नियम. स्वतःच्या बातमीसाठीही तो मोडला गेला नाही.

मला नवव्या वर्षी मधुमेह झाला, ज्याला इन्सुलिनच लागतं तो. आईवडील धानोऱ्याला शेतीत, मी शिकायला शहाद्याला काकांकडे. काका एस.टी.त कंडक्टर. दर तीन महिन्यांनी ते मला मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायचे. डॉक्टर प्रश्न मला विचारायचे, उत्तरं काका द्यायचे. माझ्या भुकेपासून पोटापर्यंत सगळं त्यांना पाठ. बसमध्ये मी मात्र डॉक्टरांना दाखवायच्या वहीत रोजच्या साखरेचे खोटे आकडे भरायचे, संशय नको म्हणून दोन पेनांनी. एकोणिसाव्या वर्षीही मी भिंतीवरच्या हत्ती-सशांखाली, रडणाऱ्या बाळांच्या रांगेत बसायचे. एकदा एका बाईनं काकांना विचारलं, तुमचं बाळ कुठंय? काकांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

शेवटी डॉक्टरांनी मोठ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. शाळेतून नाव काढल्यासारखा काकांचा चेहरा झाला. पोरीचं काही चुकलं का, असंही त्यांनी विचारून घेतलं. मी तोवर नंदुरबारला वसतिगृहात होते. चिठ्ठी बॅगेतच राहिली. जाऊन आले, असं काकांना फोनवर सांगून टाकलं. रोज चार सुया टोचायचा कंटाळा आला होता, आणि विचारणारं कुणी नव्हतं. चारच्या दोन झाल्या, कधी एक. आठ महिन्यांनी उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला, आणि मैत्रिणींनी मला दवाखान्यात टाकलं. काका पहिल्या बसनं आले. शेवटची साखर कधी तपासली, असं सिस्टरनं विचारलं तेव्हा त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर माहीत नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते... रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बरी झाल्यावर त्यांनी मला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडम तरुण होत्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, तोच काका म्हणाले, "तिले नको, माले इचारा. माले सगळं माहीत शे." मॅडमनी त्यांना नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा माझं उत्तर मला द्यावं लागलं. आधी रडले, मग सगळं खरं सांगितलं.

बाहेर काका सिस्टरशी वाद घालत होते. त्यांना गप्प बसवायला तिनं त्यांचंच बोट टोचलं. साखर तीनशे बारा. मी बाहेर आले तर काका बोट धरून बसलेले, चेहरा उतरलेला. आता त्यांना आत बोलावलं. मीही मागोमाग निघाले, तर मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. दारातून ऐकू आलं, काका सांगत होते की आपण गोड खातच नाही. मी दार उघडून चहातले तीन चमचे जाहीर केले.

पुढे गोळ्यांनी भागेना, त्यांनाही इन्सुलिन लागलं. "काही दुखस नही," असं मला दहा वर्षं समजावणाऱ्या माणसानं पहिल्या सुईला असा आवाज काढला की शेजारीण धावत आली. त्यांची वही मी तपासायचे. एका महिन्यात रोज एकशेवीस. "काका, रोज एकशेवीस कशी येस?"

काका हसले. "तुन्हाकडथून शिकनू."

म्हणजे बसमधली ती दोन पेनं त्यांनी पाहिली होती. मग गप्प का राहिलात, असं विचारल्यावर म्हणाले, तू लिहीत होतीस, म्हणजे तुला भीती तरी होती. बोललो असतो तर वहीच बंद झाली असती. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी रात्रीच्या जेवणाआधी फोनवर एकमेकांना खरे आकडे सांगायचं ठरवलं, आणि बहुतेक वेळा सांगितले.

मागच्या रविवारी शहाद्याला गेले. फ्रिजच्या दारात, इन्सुलिनच्या कप्प्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी आहे: "हा कप्पा नंदिनीचा. कोथिंबीर ठेवू नये." त्याखाली, नंतरच्या शाईत, "मन्हा बी." कप्पा आता रिकामा आहे. तरी काकू कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावरच ठेवते. संध्याकाळपर्यंत ती कोमेजते, आणि काकू त्याबद्दल काकांना बोल लावते.