एका नावाचे दोन खेळ

आमच्या घरी मराठीत बोलतात आणि हिंदीत चिडतात. बाबा बँकेतले, कर्मचारी संघटनेचे. त्यांची पत्रकं हिंदीतच निघायची, कारण उज्जैनमध्ये ती वाचणार कोण, तर हिंदीवालेच. शाळेत असताना देवास गेटच्या बसस्टँडवर मी त्यांच्याबरोबर ती वाटली आहेत. त्यामुळे काही अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आधी ‘हमारी माँगें’ हा मथळा उमटतो, बाकीचं मागून येतं.

माझी धाकटी बहीण घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर फुटबॉलचा गेम खेळायची. कीबोर्डवर. तिच्या कॉलेजात तिला हरवणारं कोणी उरलं नव्हतं. फ्रीगंजमधल्या एका गेमिंग पार्लरनं त्याच गेमची स्पर्धा ठेवली, तेव्हा तिनं लगेच नाव दिलं आणि सरावाला म्हणून मला घेऊन तिथे गेली. पार्लरमध्ये नवा कन्सोल होता. ती सपाटून हरली. मागे उभ्या पोरांपैकी एकजण म्हणाला, “मैडम, ये टाइपिंग का कॉम्पिटिशन नहीं है.” सगळे हसले.

जिना उतरताना तिनं मला सगळं समजावलं. गेमचं नाव तेच, डब्यावरचा खेळाडू तोच, यंदाच्या जर्सीसुद्धा त्याच. पण जुन्या मशीनसाठी गेम बनवणारे दरवर्षी फक्त कपडे बदलतात, आतला खेळ जुनाच राहतो. आमच्या कीबोर्डवर खेळाडू आठच दिशांना पळतो आणि वळ म्हटलं की जागच्या जागी वळतो. नव्या कन्सोलवर त्याच्या अंगाला वजन आहे. तो आधी पाय रोवतो, खांदा फिरवतो, मग वळतो.

“बटण मी बरोबरच दाबतेय ताई,” ती म्हणाली, “पण सवयीनं उशिरा दाबतेय.”

मला त्या रात्री झोप लागेना. एकाच नावाखाली दोन खेळ विकायचे, आणि ज्याच्या घरी नवं मशीन त्यालाच खरा खेळ! हे मला फुटबॉलपुरतं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. सकाळी पत्रक लिहून मी ते छापून आणलं. मागणी एकच: स्पर्धा सगळ्यांकडे असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरच व्हावी. पार्लरच्या खालच्या चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या फाटकाशी, मिळेल त्याच्या हातात मी ते देत सुटले. बहिणीला दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही. बाबांनी तरी कॅशियरला विचारून कॅशियरची मागणी कधी लिहिली होती?

पार्लरवाला पत्रकांना घाबरला, की पोरं स्पर्धा सोडतील म्हणून घाबरला, कोण जाणे. त्यानं दारावर कागद चिकटवला: सगळे सामने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर होतील. आमच्या घरात एवढ्या लवकर मान्य झालेली मागणी मी पाहिली नव्हती. ते सांगायला मी धावत घरी आले.

बहिणीचा चेहरा उतरला. तिनं चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग. पार्लरवाल्याला तिनं सांगितलं, कागद काढा, सामने नव्यावरच ठेवा. तो गोंधळला. पर्चे में तो उलटा लिखा है, म्हणाला.

“पर्चा मैंने नहीं लिखा,” ती म्हणाली. “मुझे सुबह, दुकान खुलने से पहले, नए वाले पर बैठने दो. जिसके घर नहीं है, उसे भी.”

ती मागणी माझ्या पत्रकात नव्हती. सुचलीच नव्हती. त्यानं डोकं खाजवत होकार दिला आणि कागद काढला.

मग रोज सकाळी झाडू फिरत असताना ती तिथे बसायची. एकदोन मुलंही यायला लागली, त्यांत टाइपिंगवाला होता. त्याच्याही घरी कॉम्प्युटरच निघाला. मी मागच्या बाकावर पाय हलवत बसायचे. मला तिचं जिंकणं हवं होतं, तेही ताबडतोब.

स्पर्धेत ती पहिला सामना जिंकली, दुसरा एका गोलनं हरली. ज्याच्याकडून हरली त्याच्या घरी नवा कन्सोल होता. मी तिथल्या तिथे पेन काढलं. वर्षभर घरी सराव करणाऱ्यासमोर आठवडाभराची सकाळ कुठे पुरणार, हे तर पत्रकातच यायला हवं. पण या वेळी आधी तिला विचारलं, लिहू का?

“लिही. आधी एक डाव खेळ.”

मी आजवर कधी खेळलेच नव्हते. तिनं कंट्रोलर माझ्या हातात दिला. समोरून चेंडू आला, मी माझ्या खेळाडूला वळवलं. तो पाय रोवत राहिला. मी बटण आणखी जोरात दाबलं, मग पुन्हा पुन्हा.

“ताई, जोरात दाबून तो लवकर वळत नाही,” ती म्हणाली. “चेंडू निघायच्या आधी वळव.”

चेंडू आमच्या जाळ्यात गेला होता. मी म्हटलं, परत लाव.