आतून रंधा मारू नये

गुळगुळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं ड्रॉवर बसवता बसवता पडलेलं ते टोपणनाव, पण असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. त्यांनी घोटलेल्या फळीवरून रेशमी कापड ओढलं तरी धागा अडकायचा नाही. "माझ्या लाकडाची कूस कुणाच्या बोटात गेली तर हत्यारं खाली ठेवीन," असं ते छातीठोकपणे सांगायचे, आणि तशी वेळ कधी आली नव्हती.

दुसऱ्याच्या घरी गेले की चहा येण्याआधीच त्यांचा हात टेबलाखाली गेलेला असायचा. सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हाही त्यांनी टेबलाच्या पोटावरून हात फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाले, "वरून ठीक आहे." बायको ते वाक्य आजतागायत विसरलेली नाही. नवऱ्याने इस्त्री केलेला सदरा घातला की ती त्याला आपादमस्तक न्याहाळते आणि म्हणते, "वरून ठीक आहे."

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे दरवाजे पुन्हा रंधून काढले आणि शेजाऱ्यांच्या दरवाजांकडे बघायला लागले, तेव्हा सूनबाईने त्यांना काम दिलं. ती बाग विभागात होती. पक्षी मोजायचे, त्यांच्या विणीची नोंद ठेवायची, हा तिचा पेशा. वाचनालयामागच्या बागेतली जुनी झाडं तोडली गेली होती आणि त्यांच्याबरोबर ढोल्याही गेल्या होत्या.

"बाबा, लहान पक्ष्यांना घरट्यांसाठी बारा पेट्या करून द्याल?" असं म्हणून तिने आराखडा पुढे ठेवला.

गुळगुळ्यांनी चष्मा लावला. "दार एवढंसंच?"

"मोठं केलं की दांडगे पक्षी घुसतात आणि यांना हाकलून देतात."

"आणि दाराशी बसायला काडी?"

"ती चोराला पायरी होते. यांना तिची गरज नसते."

त्यांनी मान डोलावली. ज्याला राहायचं त्याचं ऐकावं, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. तळाला पाणी जायला भोकं, साफसफाईसाठी उघडणारं झाकण, सगळं त्यांनी मुकाट मान्य केलं. कागदाच्या अगदी खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: आतून रंधा मारू नये. ती वाचून ते गालातल्या गालात हसले. कामचुकार सुतारांना दिलेली ही सवलत असणार, आपल्याला ती कशाला हवी? त्यांनी बाराही पेट्या आतून अशा घोटल्या की बोट टेकलं तर घसरावं.

त्या हंगामात दोन पेट्यांत घरटी झाली. चिमणीहूनही लहान पक्षी, काळं डोकं आणि पांढरे गाल. सूनबाई त्यांना पुस्तकातल्या नावाने ओळखायची, गुळगुळे त्यांना 'गालवाले' म्हणायचे. रोज सकाळी ते बागेतल्या बाकावर जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "चार नंबर आणि नऊ नंबर. दोन्ही माझ्या हातच्या." हे ऐकून घेतल्याशिवाय कुणाची सुटका नसे.

मग एका सकाळी सूनबाई चार नंबरची पेटी काखेत घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. पेटी तिने मांडीवरच ठेवली.

"पाच पिल्लं होती. पाचही गेली. पंख पूर्ण आले होते, बाबा. आईबाप अजून झाडावर बसून हाका मारतायत. मांजर नाही, पाणी शिरलं नाही. रोग असेल असं वाटतंय."

गुळगुळ्यांनी पेटी घेतली, झाकण उघडलं आणि सवयीने आत हात घातला. भिंत काचेसारखी लागली. मग त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. दाराखालच्या भिंतीवर बारीक ओरखडे होते, नखांचे, एकावर एक. तळापासून चार बोटं वर येऊन ते थांबले होते. दार आठ बोटांवर होतं.

त्यांनी सगळ्यांत वरच्या ओरखड्यावर बोट टेकवलं. "रोग नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. चढायला कूसच ठेवली नाही मी. तू लिहिलं होतंस, मी वाचलंही होतं. मला वाटलं, ते आळशी लोकांसाठी आहे."

सूनबाई रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नऊ नंबरमध्ये सात आहेत. आज त्यांचा पंधरावा दिवस. उद्यापासून झाकण उघडायचं नाही. उघडलं तर घाबरून अर्धवट पंखांनीच बाहेर उड्या टाकतील."

"आणि आज?"

"आज दोन मिनिटं मिळतील. पण ठोकाठोक चालणार नाही. स्क्रूसुद्धा नको."

गुळगुळे उठले. हळहळायला नंतर वेळ होता. त्यांनी कामाच्या खोलीत जाऊन खडबडीत लाकूड शोधायला सुरुवात केली, आणि अख्ख्या खोलीत तसा तुकडा मिळेना. तिथली ढलपीसुद्धा घोटलेली होती. तेवढ्यात बायको खिडकीतल्या कुंड्या खाली उतरवून त्यांच्याखालची फळी घेऊन आली. फळांच्या खोक्याची ती फळी फेकून दे म्हणून ते तीन वर्षं तिच्या मागे लागले होते.

"ही चालेल का, की हिला हात लावायची लाज वाटते?"

"दे इकडे."

त्यांनी करवतीने फळीवर आडव्या खाचा पाडल्या, बोटाबोटाच्या अंतरावर. खाचा झाल्या, आणि त्यांचा हात आपोआप पॉलिश पेपरकडे गेला. बायकोने पेपर उचलला आणि त्यावर बसली.

"माप घ्यायला पेटी हवी ना?" सूनबाईने विचारलं.

"माझ्या पेटीचं माप मी विचारत नसतो." पेटीच्या आतल्या रुंदीला फळी केसभर जास्त ठेवून त्यांनी कापली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींत ती आपणच अडकून बसेल. असे ड्रॉवर त्यांनी हजारोंनी बसवले होते.

बागेत सूनबाईने शिडी धरली. गुळगुळे वर चढले. मादी चोचीत अळी घेऊन शेजारच्या फांदीवर आली आणि त्यांना पाहून तिने आकांत मांडला. त्यांनी झाकण उघडलं. खाऊ आला समजून सात चोची उघडल्या आणि पुढच्याच क्षणी सातही डोकी गवतात दडली.

"जरा सरका," ते हळूच म्हणाले आणि दाराखालच्या भिंतीला लावून फळी वरून आत सरकवली. शेवटच्या बोटभर अंतराला ती अडली. त्यांनी अंगठ्याने दाबलं. एक जाड कूस थेट नखाखाली गेली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण अंगठा त्यांनी काढला नाही. फळी हलकेच सुस्कारा टाकून जागेवर बसली.

मादी लगेच परतली नाही. एकदा दाराशी आली, आत डोकावली आणि गेली. दुसऱ्यांदा तेच. गुळगुळे दूरच्या बाकावर गुडघे घट्ट धरून बसले होते. तिसऱ्यांदा ती आत शिरली.

घरी बायकोने सुई काढली, तर त्यांनी अंगठा मागे घेतला. "सगळी पिल्लं बाहेर पडू देत, मग काढ."

पाचव्या दिवशी सकाळी तिघं बाकावर होती. आतून खरखर ऐकू आली. उभ्या जन्मात त्यांना तो आवाज आवडला नव्हता. दारात एक काळं डोकं दिसलं, थोडं थांबलं आणि समोरच्या फांदीवर जाऊन धडपडलं. मग दुसरं. तासाभरात सहा झाली. सातवं काही येईना. मादी बाहेरून बोलावत होती, आत खरखर सुरू व्हायची आणि थांबायची. गुळगुळ्यांचे ओठ हलत होते, पण ते काय म्हणत होते ते बायकोलाही ऐकू आलं नाही. मग पांढरे गाल दारात आले आणि सातवं पिल्लू उडालं, सगळ्यांत लांब.

सूनबाईने वहीत 'सात' लिहिलं. गुळगुळ्यांनी अंगठा बायकोपुढे धरला. तिने पर्समधून सुई काढली.

"आयुष्यभर कूस काढलीत," ती अंगठ्यावर वाकून म्हणाली, "आणि उजवली ती राहू दिल्यावर."

पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या बागेसाठी एका सुताराला चाळीस पेट्या करायच्या होत्या. सूनबाईने आराखडा काढला आणि देण्याआधी बाबांना दाखवला. त्यांनी तो तळापर्यंत वाचला, कानावरची पेन्सिल घेतली आणि 'आतून रंधा मारू नये' या ओळीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: हात कितीही चांगला असला तरी.