चाकाखालचं लिंबू

लिंबू चिरलं की आजही मला ग्रीसचा वास येतो. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला, दसऱ्याच्या सकाळी, कित्येक वर्षं बंद असलेल्या जुन्या मोटारीचं इंजिन मी हाताने फिरवून बघत होतो. जाम निघालं असतं तर गाडी थेट भंगारात. बायकोने मात्र आधीच चाकाखाली पूजेचं लिंबू ठेवलं होतं. "अगं, आधी चालू तर होऊ दे!" मी म्हणालो. इंजिन हलकं फिरावं म्हणून स्पार्क प्लग काढून लांब पान्यावर सगळा जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि इंजिन फिरलं! "अरे, गाडी चालली!" ती किंचाळली. गाडी गिअरमध्येच राहिली होती. पाना ओढला की चाकंही फिरत होती. "थांबू नकोस!" मग काय, लिंबू फुटेपर्यंत मी ओढतच राहिलो. पुढे त्या गाडीने आम्ही आर्नहेमपर्यंत जाऊन आलो, पण तिची पहिली फेरी तीच, वीतभर.