पाहुण्यांचा परिचय

माझा विषय दिवाळखोरीचा कायदा. साताऱ्यात एखाद्या लग्नात कुणी तशी ओळख करून दिली, की समोरचा नमस्कार करता करता हसतो. "असलं कशाला शिकवता, सर?" विद्यार्थ्यांनाही तसंच वाटत असावं. यंदा वर्गात इतकी कमी मुलं आली की प्राचार्यांनी विषयच बंद करायचं मनावर घेतलं. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी सांगलीहून एक पाहुणा वक्ता बोलावला.

पाहुणा म्हणजे कॉलेजात शिकताना माझ्या शेजारी बसणारा मित्र. हा विषय आधी मी निवडला, तो माझ्या मागून आला. आता सांगलीत त्याच्या वर्गात बसायला जागा मिळत नाही. पेपरात त्याचे लेख, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ. घरात कळू नये म्हणून कानात इअरफोन घालून मी ते सगळे पाहिलेत.

त्याचा परिचय करून द्यायचं काम माझ्यावरच आलं. परिचय करून देणाऱ्यानं चार गोड वाक्यं बोलून खाली बसायचं असतं. मी त्याची पदवी सांगितली आणि विषयाचं महत्त्व सांगायला म्हणून जो सुरू झालो तो थांबेचना. त्याला बोलायला काही उरू द्यायचं नाही, हे ठरवूनच उठलो होतो. कारखाना बुडाला तर कुलूप ठोकायचं की तो चालता ठेवून नवा मालक शोधायचा, कामगारांचं काय, सगळं बोललो. त्याची ठेवणीतली गोष्ट मिरजेच्या सतार बनवणाऱ्याची. धंदा बुडाला तरी त्याची हत्यारं कायदा काढून घेत नाही, कारण त्यांच्यावरच तो पुन्हा उभा राहणार असतो. तीही मीच सांगून टाकली. मागच्या बाकांवरच्या मुलांनी मोबाइल खाली ठेवले होते.

मित्र उठला. "लय बोललास गड्या. मला काय ठेवलंच न्हाईस." मग मुलांकडे वळला. "व्याख्यान झालं. आता शंका इचारा, आमी दोघं हाय."

पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात जादा बाकं आणावी लागली. प्राचार्य खुशीत म्हणाले, "बघा, मोठा माणूस आला की फरक पडतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर त्यांनी मला त्याला आभाराचा फोन करायला लावला.

"माझे आभार कशाला?" तो म्हणाला. "तुझं ऐकून पोरं आली. मला सुदिक वाटलं, तुझ्या वर्गात येऊन बसावं. सतारवाला तर माझ्यापेक्षा तूच झ्याक सांगितलास."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो मनापासून बोलत होता, आवाजावरून कळत होतं. त्याच्या जागी मी असतो तर असं बोललो नसतो.

फोन ठेवला. आजवर त्याच्या वर्गाचा हेवा वाटायचा, नावाचा वाटायचा. आता त्याच्या मनाचाही वाटतो, आणि तसं मन शिकायला काही व्हिडिओ नाहीत.