बायजाबाईच्या नावाचं डोंगल

कॉम्प्युटरला अपडेट आला की माझ्या डोक्याला ताप येतो. गेल्या कार्तिकातल्या त्या मंगळवारी सकाळी आठच्या आत मला अकरा फोन आले. खांबहून एक टॅक्सवाला, जोह्याहून एक मूर्तीवाला, पेणमधले दोन वकील, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, "नमिता मॅडम, काल अपडेट झाला, सही होत नाय." सही म्हणजे डिजिटल सही. पेनड्राईव्हएवढं एक डोंगल असतं, त्यात एका माणसाची सही भरलेली असते. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की कागदावर सही उमटते. अपडेट झाला की कॉम्प्युटर त्या डोंगलला ओळख दाखवत नाय, भांडण झालेल्या शेजारणीसारखा. मग मला बोलावतात. रोह्याला अष्टमी भागात पुलाजवळ माझं दुकान आहे, आणि पेणपर्यंत कुणाचंही डोंगल अडलं की स्कूटी काढून मीच जाते. लोक म्हणतात नमिताची जीभ तिखट आहे. अहो, दिवसभर लोकांचे पिन आठवत बसा, मग बघते तुमची जीभ कशी गोड राहते.

पण मला सांगायचंय बायजाबाईबद्दल. पेणच्या खारेपाटातल्या, खाडीकाठच्या एका गावची ती सरपंच. गावाचं नाव सांगणार नाय, सांगून आता कुणाचं भलं होणार आहे? त्या मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत तिची सही झाली की गावची उघाडी एका कंपनीच्या ताब्यात जाणार होती. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. दिवाळीनंतर त्या दारातून भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं, उन्हानं आटू द्यायचं, तेव्हा कुठं मीठ दिसतं. उघाडी बंद म्हणजे मिठागरं बंद. तीस-पस्तीस घरं त्यावर जगतात, बायजाबाईचं त्यातलंच. आणि एवढी मोठी गोष्ट तिला सोडून सगळ्या ऑफिसला माहीत होती.

बायजाबाई साठीला आलेली. मिठानं टाचा चिरलेल्या, पण बांधावरून अशी झपझप चालते की मी मागं राहते. पाण्याकडं नुसतं बघून भरतीला किती वेळ आहे ते सांगते. सरपंच कशी झाली? जागा बायकांसाठी राखीव निघाली, दोन्ही पार्ट्यांचं एका नावावर जमेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, बायजाला करा, ती काय बोलणाराय! झालं. आणि बाई ऑफिसात येऊन बसली ती प्रत्येक कागद वाचायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश. जन्माच्या दाखल्याला अर्धा तास! एकदा तर दाखला परत केला. म्हणाली, "ही पोर माझ्या हातावर जन्माला आली. तिची आई हौसा हाय. हितं काशीबाई कुठनं आली?" आणि खरंच चूक होती. पण दाराबाहेर रांग लागायची, ग्रामसेवक कपाळावर हात मारायचे, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा वैतागायचे.

मग सगळं ऑनलाईन झालं आणि तिच्या नावाचं डोंगल मीच काढून दिलं. अर्जावर लिहिलेलं असतं की हे डोंगल आणि पिन मी दुसऱ्या कुणाच्याही हातात देणार नाही. तिनं तेही बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "मंग सुजय कसा वापरंल?"

सुजय तिचा पुतण्या, गावचा उपसरपंच. दीर-जाऊ अपघातात गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिनंच वाढवला, तिनंच शिकवला. मी म्हटलं, "काकी, ते नुसतं लिहायला असतं. सगळीकडं असंच चालतं. द्या सुजयकडं, तुमचा त्रास वाचेल." यात मी काही खोटं बोलले नव्हते. मी ज्या ज्या ऑफिसात जाते तिथं साहेबाची सही दुसऱ्याच कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेली असते, टाचण्यांच्या डबीत. बायजाबाईनं ऐकलं. सुजयनं पिन ठेवला तो स्वतःच्याच नावाचा. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाय.

तर त्या मंगळवारी अकराव्या फोनवर सुजय होता. "मॅडम, आधी हितं या. आज सहापर्यंत एक कागद चढवायचाय. नाय चढला तर माझं काय खरं नाय."

नागोठणं, वडखळ करत पोचले. बघते तर सुजयसायबानं सगळा घोळ करून ठेवलेला. अपडेटमध्ये डोंगलचं सॉफ्टवेअर उडालं होतं, ते तर मी दहा मिनिटांत परत टाकलं. पण त्याच अपडेटमध्ये कीबोर्ड इंग्रजीवरून मराठीवर गेला होता. पिन टाकताना पडद्यावर नुसते काळे ठिपके दिसतात, आपण काय टाकतोय ते कळत नाय. ह्यानं तोच पिन मराठीतून दहा वेळा हाणला. दहा वेळा चुकला की डोंगलला कुलूप लागतं.

"अरे, एकदा चुकलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा तरी थांबायचं की नाय?" मी ओरडलेच. "हे आता माझ्या हातात नाय. जिचं डोंगल आहे तिनं व्हिडिओ कॉलवर यायचं, स्वतःचं कार्ड दाखवायचं, डोंगल माझ्याच ताब्यात असतं असं तोंडानं सांगायचं. मग डोंगल देणारे ते नवीन करून देतील."

"मग बोलावतो काकीला. सांगंल ती. ती कुठं नाय बोलते!"

तो बाहेर गेला, आणि मी त्याचा तो अडलेला कागद उघडून बघितला. उघडायला नको होता, पण सवय आहे, सही कुठं उमटणार ते बघावं लागतं. उघाडीचं ताबापत्र होतं. कंपनीच्या जेट्टीच्या रस्त्यासाठी उघाडी आणि तिच्या लगतचा बांध कंपनीकडे सोपवत आहोत, खाली बायजाबाईचं नाव. म्हटलं, नमे, तुझं काम डोंगलचं. कागदात काय आहे ते बघायला गावात माणसं आहेत. असं म्हणून मी फाईल बंदसुद्धा केली.

बायजाबाई आली ती बांधावरूनच, पाय चिखलानं भरलेले, मागं सात-आठ बायका. पुनवेच्या उधाणाआधी उघाडीच्या फळ्या बदलून पायजेत, हे सांगायला त्या पंचायतीत आल्या होत्या. म्हणजे बघा! बायका ओट्यावर टेकल्या, ती आत आली.

"नमे, कवा आलीस गो? च्या घेतलास?"

सुजयनं तिला खुर्चीवर बसवलं आणि पढवायला लागला. "काकी, व्हिडिओ कॉलवरची पोरगी विचारंल डोंगल कुणाकडं असतं. तू सांगायचं, माझ्याकडं. विचारंल, सही कोण करतं. सांगायचं, मीच. बास."

"कशावर करायचीय सही?"

"रोजचंच हाय."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाय, माझ्याकडं बघितलं. "नमे, तू सांग."

देवाशपथ, मला तिथून उठून जावंसं वाटलं. सुजय माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. त्यानं पेणमधली चार गिऱ्हाइकं मला मिळवून दिली होती. पण त्या बाईनं इतक्या विश्वासानं विचारलं की माझ्यानं खोटं बोलवेना आणि खरंही तोंडातून निघेना. मी फाईल उघडली, अक्षर मोठं केलं आणि पडदा तिच्याकडं वळवला.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सुजय म्हणाला, "काकी, वेळ जातोय," म्हणाला, "तुला नंतर समजावतो," शेवटी नुसता येरझाऱ्या घालायला लागला. ती एका ओळीवर थांबली, परत मागं गेली, परत वाचलं. "यापूर्वी दिलेल्या ना हरकत दाखल्यानुसार." मान वर न करता तिनं विचारलं, "यापूर्वी म्हंजे कवा?"

"गणपतीत," सुजय म्हणाला. मग एकदम भडाभडा बोलायला लागला. मिठात आता काय राह्यलंय, पोरं कुणी आगरात उतरत नायत, कंपनी प्रत्येक घरात एक नोकरी देणाराय, तुला विचारलं असतं तर तू नायच म्हटलं असतंस. "मी काय माझ्या एकट्यासाठी केला का, काकी?"

त्यातलं अर्धं खरंही असेल. बायजाबाई एवढंच म्हणाली, "नाय म्हटला असता, म्हणून इचारला नाय व्हय?" आणि मला म्हणाली, "लाव तो फोन."

पडद्यावर एक तरुण मुलगी आली, कानाला हेडफोन, शुद्ध बोलणारी. नाव विचारलं, कार्ड बघितलं. "मॅडम, डोंगल आणि पिन तुमच्याच ताब्यात असतात ना?"

"नाय," बायजाबाई म्हणाली. "त्यो मी आज पयल्यांदा हातात घेतलाय."

मुलगी गडबडली. तिनं परत विचारलं, हिनं परत तेच सांगितलं, आणखी स्पष्ट. सुजय भिंतीला टेकून उभा राहिला. मुलगी म्हणाली, "असं असेल तर तुमची डिजिटल सही मला आत्ताच रद्द करावी लागेल." बायजाबाई म्हणाली, "कर गो बाय, कर." तिच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली की मलाही हायसं वाटलं. बांधाला पडलेली खांड वेळेवर बुजवली की असं वाटत असेल. मी मनात म्हटलं, वाचली उघाडी.

बायजाबाईनंच विचारलं म्हणून, नाहीतर मला सुचलंसुद्धा नसतं. "मंग गणपतीतली सही पण गेली ना?"

"नाही मॅडम. रद्द आजपासून. आधी केलेल्या सह्या कायम राहतात. त्या तुमच्याच धरल्या जातात."

"पण मी केली नाय."

"तसं असेल तर तुम्हाला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. डोंगल कोणी वापरलं, तुम्ही ते त्यांना का दिलं, सगळ्यांची नावं लिहून." मग तिनं विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का, आणि फोन बंद झाला.

बायजाबाईनं मला गणपतीतला कागद उघडायला लावला. दोनच परिच्छेद होते. उघाडी कायमस्वरूपी बंद करण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही. मी हळूच सांगितलं, "काकी, बंद करायला हा एकच पुरतो. आजचा नुसता ताब्याचा होता. तो नसला तरी ते काम सुरू करतील." वकील गाठू, अर्ज करू, असलंही काहीबाही बोलले. तिनं ते ऐकलं की नाय कोण जाणे. ती सुजयकडं बघत होती, आणि तो खाली बघत होता. मला वाटलं, आता ह्याच्या कानाखाली आवाज काढणार. माझ्याही काढला असता तर चाललं असतं.

ती उठली, ओट्यावर गेली, बायकांच्या समोर बसली. मला म्हणाली, "तो कागद काढून आण नि वाच. मोठ्यानं."

मी छापून आणला आणि वाचला. "मी, बायजाबाई, सरपंच, असा दाखला देते की," इथून तारखेपर्यंत. वाचून झालं. मग हौसा, जिच्या पोरीला बायजाबाईनं स्वतःच्या हातांवर घेतलं होतं, ती उभी राहिली. "बायजा, तू दिलास हा?"

सुजय दारात उभा होता. मी कागद धरून शेजारी उभी होते. नाव घ्यायला बायजाबाईला लांब जायची गरज नव्हती.

"माझी सही हाय," ती म्हणाली.

हौसा तिच्या पायाशी थुंकली आणि चालायला लागली. बाकीच्या तिच्या मागं गेल्या. मी तोंड उघडलं असतं तर त्या थांबल्या असत्या. मी उघडलं नाय.